नाव कायम, पत्ता बदलता



शिरूरचे बिऱ्हाड दौंडला हलले आणि शाळेच्या रजिस्टरात जुनाच पत्ता राहिला, तर शाळेचे तातडीचे पत्र जुन्या दारावरून परत येते. नाव बरोबर असूनही मुलाचे नुकसान होते.

संगणकांतही हीच अडचण आहे. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. यंत्राला अंकी पत्ता लागतो. दोहोंची सांगड घालणारी नोंदवही, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली.

आज मोठी कामे 'कंटेनर' नावाच्या कप्प्यांत, अनेक संगणकांच्या समूहावर चालतात. कप्पे हलतात, नवे उघडतात, जुने मिटतात. सेवांचे पत्तेही बदलतात. माणसाने किती वेळा खोडून लिहावे? म्हणून 'एक्स्टर्नल-डीएनएस' हा प्रोग्राम समूहावर लक्ष ठेवतो आणि बदल होताच नोंद दुरुस्त करतो. शिवाय आपल्या नोंदीशेजारी तो खूण ठेवतो. खूण नसलेली, दुसऱ्याची नोंद खोडत नाही. यालाच आपण अमानत म्हणतो.

मुलांनो, हा प्रोग्राम कसा लिहिला आहे, ते सर्वांना विनामूल्य पाहता येते. गणित, इंग्रजी पक्के करा. हे काम तुमच्याही आवाक्यातले आहे.

आणि पालकहो, आपल्या रजिस्टरासाठी असा प्रोग्राम नाही. बिऱ्हाड हलवाल, त्याच आठवड्यात शाळेत येऊन पत्ता बदलून घ्या.