सेल्फचा आवाज ऐका, मगच इंजिन उघडा

सैन्यातली माझी सगळी नोकरी ईएमईमध्ये झाली. जे बिघडेल ते दुरुस्त करून परत रस्त्यावर आणायचं, हे आमचं काम. निवृत्त झाल्यावर ओळखीच्यांचे फोन येतात आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "कर्नलसाहेब, काल गाडी ठणठणीत होती, आज चालू होत नाही. गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन उघडावं लागेल."

इंजिन उघडायचं म्हणजे हजारो रुपये आणि कित्येक दिवस. म्हणून आज एकच गोष्ट सांगतो. कॉम्प्रेशन अचानक गेलं, म्हणजे इंजिन संपलं असं नाही. कधी एक चमचा तेलाने काम होतं, कधी खरोखर हेड काढावं लागतं. कोणती वेळ आली आहे, हे उघडण्याआधी ठरवता येतं. मी पेट्रोल गाडीबद्दल बोलतोय. डिझेलचं कॉम्प्रेशन दुपटीहून जास्त असतं, त्याचा गेजही वेगळा लागतो. हे उपाय तिथे करू नका.

आधी कान वापरा. चांगल्या इंजिनाला सेल्फ मारला की ठेका ऐकू येतो : घर्र, घर्र, घर्र. प्रत्येक पिस्टन हवा दाबताना सेल्फला थोडं अडवतो, त्याचा तो ठेका. ठेका नेहमीचा आहे आणि गाडी चालू होत नाही, तर दोष बहुधा पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. नुसतं टक-टक होत असेल तर आधी बॅटरी पाहा. तीन ठोके आणि एक रिकामा, तर एक सिलिंडर गेला. पण ठेकाच नाही, मिक्सरसारखं सलग 'सुईंऽऽ' फिरतंय, तर चारही सिलिंडरमध्ये दाब नाही. सेल्फ एकटाच फिरत नाही ना, एवढी खात्री करा; पुढची पुली फिरतेय का ते दुसऱ्या कुणाला लांबून पाहू द्या.

असा आवाज आला की थांबा. पुन्हा सेल्फ मारू नका आणि गाडीला धक्काही मारू नका. टायमिंग बेल्ट तुटला किंवा चेनचे दात सरकले असतील, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. उरलेसुरले व्हॉल्व्ह आपणच वाकवतो.

मग मालकाला विचारा : बंद पडण्याआधी काय झालं? चालत्या गाडीत इंजिन एकदम मेलं, तर संशय बेल्टवर किंवा चेनवर. इंजिन तापलं होतं, तर हेड गॅस्केटवर. आणि थंड गाडी सुरू करून चार हात हलवली, लगेच बंद केली, तर तिसरंच कारण असतं.

भोपाळच्या माझ्या एका परिचितांचं असंच झालं. पार्किंग धुवायचं म्हणून गाडी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेली आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला डायलिसिसला न्यायचं, तर गाडी चालू होईना. घाईत पंधरा-वीस वेळा सेल्फ मारला. गॅरेजने गेज न लावताच पूर्ण इंजिनकामाचा अंदाज हातात ठेवला. आठवड्याला तीन फेऱ्या दवाखान्याच्या, आणि गाडी पंधरा दिवस अडकणार!

थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. इंजिन लगेच बंद केलं तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. तेलाचा तो पातळ थर नसला की रिंगांना दाब धरता येत नाही. वर सेल्फ मारत राहिलं की आणखी पेट्रोल, आणखी धुलाई.

मी त्यांना दुसरा मेकॅनिक बोलवायला सांगितलं आणि क्रम दिला. पहिल्यांदा बेल्टचं कव्हर काढून बेल्ट आणि टायमिंगच्या खुणा पाहा. त्या जागेवर होत्या. मग इंधन आणि इग्निशन तोडून चारही प्लग काढा. प्लग ओले होते, पेट्रोलचा वास येत होता. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गेज लावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय दिसतो. इथे चारही सिलिंडर ६०च्या आसपास. प्रत्येकात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घातलं, आकडा १४० वर गेला.

ही परीक्षा लक्षात ठेवा. तेलाने आकडा चढला, तर गळती रिंगांपाशी. चढला नाही, तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा टायमिंग. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर कमी, तर त्यांच्यामधलं गॅस्केट.

पुढे प्लग पुसून बसवले, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की पेट्रोल तोडलं जातं. गाडी चालू झाली. पाच मिनिटं निळा धूर आला, मग थांबला. पेट्रोल मिसळलेलं ऑइल बदललं. खर्च ऑइलचा आणि मजुरीचा. पुढची डायलिसिसची फेरी त्याच गाडीतून झाली.

हे काम घरी करणार असाल तर उघड्या प्लगच्या भोकांजवळ ठिणगी किंवा विडी-काडी नको. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते.

प्रत्येक वेळी इतक्या स्वस्तात सुटका होणार नाही. बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले असतील तर हेड काढावंच लागेल. पण तो निर्णय आकड्यांवर व्हावा. गॅरेजवाल्याला सांगा : "चारही सिलिंडरचे आकडे लिहून द्या, कोरडे आणि तेल घालून." चांगला मेकॅनिक अर्ध्या तासात देईल. जो देत नाही, त्याला पाना लावू देऊ नका.

आणि दोन सवयी लावून घ्या. थंड गाडी सुरू केलीत तर गरम होईपर्यंत बंद करू नका. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आजच मॅन्युअलमध्ये पाहा. बेल्ट असेल तर किती किलोमीटरला बदलायचा, तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा.