घरातला कापूस आणि पाळीव मांजर

वर्धा जिल्ह्यात वेचणी झाली की भाव चढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस घरातच ढीग घालून ठेवतात. हिंगणघाट, देवळीकडच्या गावांत हे नेहमीचं दृश्य आहे. मांजराला मऊ, उकरता येईल अशी जागा शौचासाठी हवी असते, म्हणून ते नेमकं तिथेच जातं. मूत्राने कापूस पिवळा पडतो, कुत्र्या-मांजराचे केस मिसळतात आणि बाजारात प्रत घसरते. वर्षभराच्या कष्टाचं हे नुकसान लहान नाही.

कापूस सुती कापडाने झाका. प्लास्टिकने नको, त्याचे धागेही प्रत बिघडवतात. मांजराच्या शौचासाठी कोपऱ्यात घमेल्यात कोरडी वाळू ठेवा, रोज साफ करा. मांजर गादी ओरबाडतं ते नखांचं जुनं आवरण काढण्यासाठी. त्याला सुतळी गुंडाळलेला लाकडी ओंडका द्या.

मूत्राच्या जागी फिनाईल मात्र ओतू नका, ते मांजराला विषारी ठरतं. आणि शिकवलेलं मांजर अचानक घरभर मुतू लागलं, तर काठी उचलण्याआधी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तो मूत्रमार्गाचा आजार असू शकतो.