उष्णतेची मर्यादा



चेन्नईहून बंगळूरकडे जाताना श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टै लागते. तेथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग १९९० पासून आहे. पुण्याजवळ चाकणला ज्या पोलो मोटारी तयार होत, त्या जातीच्या मोटारीही तेथे धावल्या. शर्यत पाहून आलेल्या तरुणांना आपल्या मोटारीचे इंजिनही अधिक थंड, म्हणून अधिक जोमदार करावेसे वाटते. ‘थंड’ थर्मोस्टॅट बसवणे हा त्याचा स्वस्त आणि सोपा मार्ग मानला जातो. तो कितपत खरा आहे, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

थर्मोस्टॅट हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील दारावरचा रखवालदार होय. त्याच्या धातूच्या कुपीत मेण असते. कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचले की मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि तप्त कूलंट रेडिएटरकडे वाहू लागते. अनेक मोटारींत ही झडप ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागते. हौशी मंडळी तिच्या जागी ८२ किंवा ७१ अंशांना उघडणारी झडप बसवतात.

त्यामागील विचार निराधार नाही. सिलिंडरचा माथा थोडा थंड राहिला, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका घटतो. अशा पेटण्याने इंजिन ठोके देते आणि पिस्टनला इजा होते. हा धोका टळल्यास ठिणगी किंचित आधी पाडून थोडी शक्ती मिळवता येते. मात्र ठिणगीची वेळ न बदलता नुसता थर्मोस्टॅट बदलल्यास पदरात फारसे काही पडत नाही.

उलट किंमत मात्र मोजावी लागते. कूलंट थंड असले की वंगणतेलही तुलनेने थंड व घट्ट राहते आणि घर्षण वाढते. तेलात मिसळलेली वाफ व पेट्रोल उडून जात नाही, त्यामुळे झीज होते. इंजिनाचा संगणक ‘इंजिन अजून तापलेले नाही’ असे समजून जादा पेट्रोल सोडू शकतो.

खरी मेख श्रीपेरुंबुदूरच्या हवेत आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. हवा ३५ अंशांची असेल, तर ८८ अंशांच्या कूलंटला ५३ अंशांचा फरक लाभतो. ७१ अंशांच्या कूलंटला केवळ ३६ अंशांचा. म्हणजे त्याच रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता सुमारे दोन-तृतीयांशावर येते. भरधाव इंजिनाची उष्णता त्याहून अधिक असल्यास झडप सताड उघडी राहूनही तापमान वर चढते आणि रेडिएटरला झेपेल तेथेच स्थिरावते. थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा राखतो. वरची मर्यादा रेडिएटर, पंखा आणि वाहती हवा राखतात. इंजिन फाजील तापत असेल, तर दोष बहुधा या तिघांत किंवा पाण्याच्या पंपात शोधावा लागतो. थर्मोस्टॅटच अडकून बंद राहिला असेल, तर मूळ मापाचा नवा बसवावा.

तेव्हा मुलाने किंवा मुलीने असा भाग विकत घेण्याचा हट्ट धरला, तर पालकांनी एकदम नकार देऊ नये. तीन प्रश्न विचारावेत: इंजिन आज किती तापते? ते कोणत्या कारणाने तापते? नव्या भागाने त्या कारणावर इलाज होतो काय? वितळणे, प्रसरण आणि उष्णतेचे वहन हे सारे शालेय विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पुस्तकातील ते ज्ञान दुकानाच्या पायरीवर आठवले, तर इंजिनाचे आयुष्य वाचते आणि शाळेत घालवलेली वर्षेही सार्थकी लागतात.