रानभाजीचा सण आणि रानावरचा हक्क

(वर्षावासानिमित्त कल्याण येथे उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



आषाढी पौर्णिमेपासून आपला वर्षावास सुरू झाला आहे. आपण रोज सायंकाळी विहारात जमून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करीत आहोत. वर्षावासाचा नियम भगवंतांनी का घालून दिला, हे विनयात सांगितलेले आहे. भर पावसात भिक्षू गावोगाव हिंडत, तेव्हा त्यांच्या पायांखाली कोवळे गवत तुडविले जाई व बारीकसारीक जीव चिरडले जात. लोकांनी याबद्दल नापसंती दर्शविली. भगवंतांनी ती रास्त मानली आणि भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, असा नियम केला. ज्या धम्मात उगवत्या अंकुराचाही विचार झाला, त्या धम्माच्या अनुयायांपुढे रानभाजीचा विषय मांडण्यात काही विसंगत आहे, असे मला वाटत नाही.

अलीकडच्या वर्षांत आपल्या ठाणे जिल्ह्यात ‘रानभाजी महोत्सव’ हा एक नवा सार्वजनिक सण रुजला आहे. 9 ऑगस्ट हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 1994 साली आदिवासी जनतेचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवसाच्या सुमारास राज्याचे कृषी खाते जिल्ह्याजिल्ह्यांतून असे महोत्सव भरविते. शहापूर-मुरबाडकडच्या स्त्रिया टोपल्या घेऊन येतात. शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कंटोळी, बांबूचे कोवळे कोंब अशा भाज्या मांडतात. त्या शिजवून दाखवितात व खाऊ घालतात. शेजारी नाचणी आणि वरी असते. शेवळ्याने घशाला खाज सुटू नये म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात, हे त्या स्त्रियांनी आपल्या आईपासून शिकलेले शास्त्र आहे. या भाजीला नांगर लागत नाही, खत लागत नाही, फवारणी लागत नाही. दूरच्या मुलुखातून ट्रक भरून ती आणावी लागत नाही. रान शाबूत राहिले, तर पुढच्या पावसात ती पुन्हा उगवते. पर्यावरणाच्या रक्षणाविषयी मोठमोठे ग्रंथ जे सांगतात, ते या टोपलीत दिसते.

येथे मला माझा एक दोष कबूल करावयाचा आहे. मी कल्याणला शाळेत होतो, तेव्हा आई पावसाळ्यात नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी डब्यात देत असे. एका मुलाने विचारले, “गवत खातोस काय?” वर्ग हसला. घरी येऊन मी आईला बजावले, ही भाजी पुन्हा देऊ नकोस. तिने पुन्हा दिली नाही. आज सुशिक्षित लोक महोत्सवात रांग लावून तीच भाजी विकत घेतात. मीही घेतो. परंतु ज्या हातांची ती भाजी मी नाकारली, ते हात आता राहिले नाहीत.

ही लाज कोठून आली, याचा विचार करा. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावरांचे मांस व मागून आणलेले शिळे तुकडे सोडण्यास सांगितले आणि 20 मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. जे उपकार म्हणून फेकले जाते, ते टाकावे आणि जे हक्काचे आहे, ते घ्यावे, असा या दोन्ही गोष्टींचा अर्थ मी समजतो. आपण पहिला अर्धा भाग नीट पाळला. परंतु गरिबीची खूण म्हणून आपल्यापैकी अनेकांनी तुकड्यांबरोबर टाकळाही टाकून दिला. टाकळा कोणी आपल्या पदरात टाकला नव्हता; आपल्या आया-आज्यांनी तो पावसात भिजून आपल्या श्रमाने खुडला होता. भिकेचे अन्न आणि श्रमाचे अन्न यांतला भेद नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी तरी विसरू नये.

आता दुसरी गोष्ट. ती कटू आहे, पण आपल्याच घरात बोलली पाहिजे. महोत्सवात कातकरी भगिनीच्या हातची भाजी आपण आनंदाने चाखतो. परंतु तीच भगिनी आपल्या दारात आली, तर तिला घरात बसवून चहा देतो काय? बावीस प्रतिज्ञांत आपण सर्व मनुष्यमात्र समान असल्याचे मान्य केले आहे. ज्यांना पंक्तीतून उठविले गेले, त्यांनी आपल्या पंक्तीबाहेर कोणाला ठेवले, तर ती प्रतिज्ञा केवळ उच्चारापुरती उरेल.

मी वकील आहे. म्हणून केवळ सद्भावनेवर माझे समाधान होत नाही. महोत्सव एक दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच स्त्री खर्डी किंवा आसनगावहून लोकल पकडून कल्याण, डोंबिवली वा ठाणे स्थानकाबाहेर फडके अंथरून बसते. तेथे तिचा सत्कार होत नाही. पथक येताच तिला टोपली घेऊन पळावे लागते. तिच्या बाजूने कायदा आहे. परंतु तो तिला कोणी सांगितलेला नाही. तो आपण समजून घेऊ.

2006 च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींचा स्वामित्वहक्क मान्य केला आहे. वनौषधी, मुळे, कंद हे सर्व त्यात येते. ते बाहेर नेऊन विकण्याचा हक्कही त्यात आहे, हे 2012 च्या दुरुस्त नियमांनी स्पष्ट केले. हा कायदा केवळ अनुसूचित जमातींपुरता नाही. 13 डिसेंबर 2005 पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, जी इतर कुटुंबे मुख्यतः वनात राहिली व उपजीविकेसाठी वनावर अवलंबून आहेत, त्यांनाही दावा करता येतो. आपल्यापैकी ज्यांची मूळ गावे रानालगत आहेत, त्यांनी ग्रामसभेत याची चौकशी करावी.

शहरातील विक्रीसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे माल जप्त केल्यास त्याची यादी करून सहीची प्रत विक्रेत्यास द्यावी लागते. माल नाशवंत असेल, तर विक्रेत्याने मागणी केल्यावर तो त्याच दिवशी परत केला पाहिजे. भाजी नाशवंत आहे, हे सिद्ध करण्यास साक्षीदार लागत नाही! स्थानकालगत कोठे बसता येईल यावर निर्बंध आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु निर्बंध आहे म्हणून यादी न देता टोपली नेण्याचा अधिकार कोणासही मिळत नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, या वर्षावासात एका रविवारी विहारात रानभाजीचे सहभोजन करा. भाजी आणणाऱ्या भगिनींना पाहुण्या म्हणून बोलवा; त्यांनी आपल्याबरोबर त्याच पंक्तीत बसावे.

दुसरी, त्यांच्याशी भावात घासाघीस करू नका. दुकानात छापील किंमत निमूटपणे देणारा माणूस रानातून दोन कोस चालत आलेल्या स्त्रीकडे एक जुडी फुकट मागतो, हे शोभत नाही.

तिसरी, अनोळखी पाला स्वतः खुडून खाऊ नका. जाणत्या व्यक्तीकडूनच घ्या. रुळांच्या कडेची वा कारखान्यांच्या नाल्यालगतची भाजी टाळा. गावी गेल्यावर शेंडे खुडा, मुळे उपटू नका.

चौथी, प्रत्येक विहारातील एका शिकलेल्या तरुणाने 19 वे कलम मराठीत लिहून काढावे आणि स्थानकाबाहेर बसणाऱ्या भगिनींना वाचून दाखवावे. माल उचलला गेल्यास त्यांच्यासाठी त्याच दिवशी अर्ज लिहून द्यावा. याला वकिलाची सनद लागत नाही. एक कोरा कागद आणि थोडे धैर्य पुरते.

भगिनींनो, उद्या मुलाच्या डब्यात टाकळा द्या. तो लाजला, तर त्याला रागावू नका. त्याला सांगा की ही भाजी त्याच्या आजीने कोणापुढे हात न पसरता मिळविली होती. हे मला त्या वयात कोणी सांगितले असते, तर मी आईचा डबा नाकारला नसता.

जय भीम.