तारखेचा रकाना



विषय लहानसा आहे. संगणकात माहिती साठविताना तारखेसाठी कोणत्या प्रकारचा रकाना निवडावा, एवढाच. हा तर संगणकवाल्यांचा प्रश्न, त्याच्याशी आमचा काय संबंध, असे पालकांच्या मनात येईल. परंतु आपल्या मुलाची जन्मतारीख ज्या रकान्यात जाऊन बसते, त्याची निवड चुकली तर ती तारीख एका दिवसाने, काही महिन्यांनी, प्रसंगी शंभर वर्षांनीही सरकते. दाखला, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, नोकरी, कोणत्याही दारावर गेलात तरी जन्मतारीख विचारली जाते. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात उभे रकाने आखलेले असतात. जन्मतारीख आधी अंकांत आणि मग अक्षरांत लिहिण्याची जुनी शिस्त आहे. ती कोणी उगीच घातलेली नाही. एकाचा नऊ होऊ नये म्हणून एका नोंदीवर दुसरीचा पहारा बसविला आहे. डेटाबेस म्हणजे असेच एक रजिस्टर, फक्त संगणकातले. तेथे रकाना आखतानाच त्यात काय भरावयाचे हे सांगावे लागते: मजकूर, संख्या की तारीख. यालाच डेटा टाइप म्हणतात. कागदावर जो पहारा अक्षरी तारीख करते, तो येथे रकान्याच्या प्रकाराने करावयाचा असतो.

आता पाहू या, लोक काय करतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तारखेसाठी मजकुराचा रकाना ठेवणे. त्यात काहीही लिहिता येते, आणि हाच त्याचा दोष आहे. ३१ फेब्रुवारी लिहिली तरी तो निमूटपणे घेतो. ‘माहीत नाही’ लिहिले तरी घेतो. विद्यार्थ्यांची यादी वयानुसार लावा म्हटले, तर संगणक अक्षरे डावीकडून ताडून पाहतो. त्यामुळे ०१/०६/२०१२ ला जन्मलेली मुलगी ०२/०१/२००५ ला जन्मलेल्या मुलाच्या आधी येते, कारण त्याने फक्त ०१ आणि ०२ पाहिले. शिवाय ०५/०६/२०१२ म्हणजे काय? आपल्याकडे ५ जून. अमेरिकेत तेच ६ मे. एक्सेलमधून याद्या उचलताना हा घोटाळा हमखास होतो. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल तर ०५/०६ ची ६ मे होते, आणि २५/०६ ला पंचविसावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. एकाच यादीत काही तारखा बदललेल्या, काही तशाच. असा दोष शोधणे फार कठीण असते.

दुसरा मार्ग संख्येचा. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद झाले ते मोजून ती संख्या ठेवावयाची. हिशेबाला ही पद्धत चांगली. परंतु ही संख्या ३२ बिटांच्या जागेत ठेवली, तर तिची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. ती मर्यादा भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. आज पहिलीत बसलेली मुले तेव्हा कॉलेजात असतील. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसमधील ‘टाइमस्टॅम्प’ या प्रकारालाही हीच मर्यादा आहे. दुसऱ्या टोकाला तो १९७० च्या मागे जात नाही. म्हणजे आपल्या आजी-आजोबांची जन्मतारीख त्यात लिहिताच येणार नाही.

याहून सूक्ष्म दोष वेळेचा आहे. समजा, एका मुलीचा जन्म १ जून २०१२ चा. कोणी ती तारीख वेळेसह साठविली आणि वेळ दिली नाही म्हणून संगणकाने मध्यरात्र धरली. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून आपली १ जूनची मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेने ३१ मे, सायंकाळचे साडेसहा. पुढे कोणी त्यातील वेळ काढून नुसती तारीख छापली की दाखल्यावर ३१ मे उमटते. एखाद्या योजनेत ‘१ जून रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले’ अशी अट असेल, तर ती मुलगी अपात्र ठरते. तिने काही केलेले नाही, तिच्या आईवडिलांनीही नाही. रकाना आखणाऱ्याने दिवस आणि क्षण यांत भेद केला नाही, एवढेच.

मित्रांनो, आज मला जी एक गोष्ट सांगावयाची आहे ती हीच. आपण साठवितो ती वस्तू दिवस आहे की क्षण, हे आधी ठरवा. जन्मतारीख हा दिवस आहे. तो मुंबईत, दुबईत, लंडनमध्ये, सर्वत्र तोच राहिला पाहिजे. त्यासाठी ‘डेट’ हा प्रकार आहे. त्यात वर्ष, महिना, दिवस याखेरीज काही नसते. मायएसक्यूएलमध्ये तो ३ बाइट, पोस्टग्रेसमध्ये ४ बाइट जागा घेतो, म्हणजे दहा अक्षरी मजकुरापेक्षा कमीच. यंत्रणा नीट लावलेली असेल तर तो ३१ फेब्रुवारी स्वीकारत नाही, यादी बरोबर लावतो आणि दोन तारखांमधील अंतरही काढून देतो.

अर्ज भरल्याची नोंद हा मात्र क्षण आहे. आपल्या समाजातील कितीतरी पालक आखातात नोकरीला आहेत. समजा, अर्जाची मुदत रात्री १२ पर्यंत आहे आणि दुबईतील वडील तेथील पावणेअकराला अर्ज पाठवितात. त्यांच्या घड्याळात मुदत शिल्लक आहे, पण आपल्याकडे मध्यरात्र उलटून पंधरा मिनिटे झालेली असतात. येथे नुसती तारीख ठेवून वाद मिटणार नाही. येथे वेळ आणि कालक्षेत्र जाणणारा प्रकार हवा. पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ आहे. तो दिलेली वेळ जागतिक वेळेत बदलून ठेवतो आणि विचारणाऱ्याच्या स्थानिक वेळेत दाखवितो. मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाने मोजणार, हे मात्र अर्जावर माणसानेच लिहावयाचे असते.

आणखी दोन-तीन बाबी. वर्ष नेहमी चार अंकांत लिहा. ‘६५’ एवढेच लिहिले तर मायएसक्यूएल त्याचे २०६५ करते, कारण ०० ते ६९ हे आकडे ते दोन हजारांत धरते आणि ७० ते ९९ एकोणीसशेत. १९६५ साली जन्मलेले आजोबा त्या हिशेबाने अजून जन्मायचे आहेत! इसवी सन २००० च्या आधी जगभर जी धावपळ झाली, ती याच दोन अंकांच्या काटकसरीमुळे. तसेच वय साठवू नका, जन्मतारीख साठवा. वय दरवर्षी शिळे होते, जन्मतारीख होत नाही.

तारीख माहीतच नसेल तर? आपल्याकडील अनेक वडीलधाऱ्यांच्या कागदावर १ जून आढळते, कारण शाळा जूनमध्ये उघडत आणि नाव घालताना गुरुजी अंदाजाने ती तारीख लिहीत. अशा वेळी रकाना रिकामा ठेवण्याची सोय असावी, किंवा शेजारी ‘खात्रीची’ की ‘अंदाजाची’ असा दुसरा रकाना असावा. अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहिला तर तो खोटा ठरत नाही.

निकाहनाम्यावर किंवा जुन्या दस्तऐवजावर हिजरी तारीख असते. ‘डेट’ हा प्रकार इसवी सनाचा आहे, हिजरीचा नव्हे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. सफर हा त्यातील दुसरा महिना, आणि चंद्रदर्शनाप्रमाणे तो तीस दिवसांचाही होतो. ३० सफर ही तारीख तशीच ‘डेट’मध्ये घालू गेलात, तर संगणक तिला ३० फेब्रुवारी समजून परत करील. बाकीच्या तारखा मात्र तो मुकाट्याने घेईल, आणि तेच अधिक घातक. म्हणून कागदावर जे लिहिले आहे ते मजकुराच्या रकान्यात जसेच्या तसे ठेवा आणि इसवी तारीख शेजारी ‘डेट’च्या रकान्यात द्या. मूळ लेखही राहतो आणि हिशेबही होतो.

संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणखी एक सूचना. मोबाइलमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइटमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकारच नाही. तेथे मजकूर वापरावा लागला तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असे लिहा: २०१२-०६-०१. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची हीच पद्धत आहे. अशाने निदान यादी तरी बरोबर लागते. पहारा मात्र तुमच्या प्रोग्रॅमनेच करावयाचा.

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलाची माहिती भरून झाली की पडद्यावर किंवा छापील प्रतीवर दिसणारी तारीख जन्मदाखल्याशी ताडून पाहा. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही. संगणकाने तक्रार केली नाही म्हणजे नोंद बरोबर आहे, असे समजू नका. तो रकान्यात जे मावते ते घेतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असा रकाना आखण्याच्या जागी बसेल. तेव्हा ज्या मुलाला तुम्ही कधी पाहणार नाही, त्याची जन्मतारीख तुमच्या हाती असेल. ती नीट सांभाळा.