शाळेचा लॅपटॉप, खिशातला फोन
(सभासद मेळाव्यातील भाषण)

२००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हाती ‘एक्सओ’ हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा भारतातला तो पहिला प्रयोग. गाजावाजा १०० डॉलरचा, प्रत्यक्षात किंमत पडली २०० च्या आसपास!

त्याचा विद्यार्थ्यांसाठी स्मार्टफोन होईल का? माइक, स्पीकर, कॅमेरा, वाय-फाय त्यात होतेच; सिमकार्डाची सोय तेवढी नव्हती. ती यूएसबी मोडेमने भागते. पण दीड किलोचा फोन खिशात कोण घालणार? छोटा करा म्हणाल, तर मेख तिथेच आहे. त्याचा साडेसात इंची पडदा आतला दिवा बंद ठेवूनही भर उन्हात वाचता येई, त्यामुळे वीज वाचे. आपण चेन्नईच्या उन्हात फोनवर हाताची सावली धरतो, ते आठवा! शिवाय मुलांनाच दुरुस्ती करता यावी म्हणून हँडलमध्ये जादा स्क्रू ठेवलेले. ही कल्पना आम्हा रेल्वेवाल्यांना फार पटते. आजचे बहुतेक फोन डिंकाने चिकटवलेले असतात. तेव्हा कोणी मुलांचा फोन करायला घेतलाच, तर त्या लॅपटॉपमधून आधी पडदा आणि स्क्रू उचलावेत; प्रोसेसरचे नंतर बघू.