निकाह आणि नोंदणीची सही

डिचोली येथे एक जुने नमाजगाह आहे. औरंगजेबाचा मुलगा शहाजादा अकबर सतराव्या शतकाच्या अखेरीस या मुलुखात आला, तेव्हा त्याने ते बांधविले असे सांगतात. म्हणजे येथील मुसलमान वस्ती कालपरवाची नव्हे. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली व पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. निकाह, मेहेर, मेंदी हे सारे या घरांतून आजही चालते. परंतु पत्नीचा व लेकराबाळांचा हक्क ठरविणारा कायदा शरियतीचा नाही.

१८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. हिंदूंच्या काही रूढी १८८० च्या सनदेने राखण्यात आल्या. तशी सनद गोव्यातील मुसलमानांसाठी निघाली नाही. पंचवीस वर्षांपर्यंत मूल न झालेल्या स्त्रीच्या पतीस पुन्हा विवाह करण्याची मुभा त्या सनदेत हिंदूला आहे, आणि गोव्यात विवाह नोंदलेल्या मुसलमानास मात्र दुसरी बायको करता येत नाही, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल! गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेविले, आणि १९३७ चा शरियत कायदा येथे लावण्यात आला नाही.

याचा अर्थ हिशेबाने पाहावा. एखादा गृहस्थ २४ लाखांची मिळकत ठेवून निवर्तला. मागे पत्नी, एक मुलगा व एक मुलगी. आईवडील हयात नाहीत. शरियतीप्रमाणे पत्नीस अष्टमांश, म्हणजे ३ लाख. उरलेल्या २१ लाखांतून मुलास १४ व मुलीस ७. गोव्याच्या कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी निराळा करार झालेला नसेल तर, पतिपत्नीची मिळकत समाईक. म्हणून १२ लाख पत्नीचे स्वतःचेच, आणि मुलगा व मुलगी यांस प्रत्येकी ६. वारसाची ही कलमे आता २०१२ च्या नव्या कायद्यात आली आहेत. समान वाट्याचे तत्त्व तेच आहे.

मुलांच्या संगोपनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. त्या ताब्यास ‘हिजानत’ म्हणतात. परंतु अज्ञान मुलाच्या मिळकतीचे पालकत्व आईकडे येत नाही. बाप वारल्यास ते त्याने नेमलेल्या माणसाकडे किंवा आजोबांकडे जाते. पोर्तुगीज संहितेने बापास झुकते माप दिले खरे, तथापि मुलांच्या बाबतीत आईचे म्हणणे ऐकावे असे सांगितले, आणि बापामागे तो अधिकार तिला दिला. आणखी एक गोष्ट. आजोबांच्या हयातीत बाप वारला व चुलते जिवंत असले, तर शरियतीत नातवंडांस आजोबांचा वारसा मिळत नाही; गोव्यात ती मुले बापाच्या जागी उभी राहून त्याचा वाटा घेतात. पोरक्या मुलांचे शिक्षण पुष्कळदा एवढ्याच एका कलमावर अवलंबून असते.

मात्र हे सारे नोंदणीवर उभे आहे. सरकारी नोंदणी कचेरीत आधी एकदा इराद्याची सही करावयाची व मुदत भरल्यावर दुसरी. पहिल्या सहीने लग्न झाले असे समजून कित्येक जोडपी दुसऱ्या सहीस जातच नाहीत. निकाह लागला, जेवणावळी उठल्या, आता कचेरी कशाला, असे वडीलधारे म्हणतात. आणि पुढे हक्क सांगण्याची वेळ आली की सुनेजवळ कागद नसतो.

सीमेवर गुंता अधिक. पेडण्याच्या पलीकडे तेरेखोल ओलांडली की सावंतवाडी-बांद्याकडे शरियत कायदा चालतो, आणि सोयरिकी तर दोन्ही तीरांवर होतात. बांद्याहून आलेल्या सुनेस माहेरी ऐकलेले नियमच ठाऊक असतात. समाईक मिळकत नको असेल तर करारपत्र विवाहापूर्वीच करावे लागते, हेही तिला कोणी सांगत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मुद्दा स्पष्ट केला: गोव्याचा अधिवासी असलेल्याची मिळकत भारतात अन्यत्र असली, तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. डिचोलीत घर आणि मुंबईत खोली ठेवून जाणाऱ्याच्या विधवेस व मुलांस त्या खोलीपुरताही वेगळा हिशेब करावा लागत नाही.